घेतला वसा, टाकला फासा

गेल्या अंकात मी ‘रूनक्वेस्ट’ या भूमिकाखेळातल्या (प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने खेळ चालवायचा, आणि जमलं की नाही ते फाशांवर ठरवायचं) देवकथांचा ओझरता उल्लेख केला आणि फसले. एरवी महिन्याला तीन-चार पत्रं येतात, त्यात एक तरी ‘फासे कुठे मिळतील’ असं विचारणारं असतं. या खेपेला अकरा आली, आणि त्यातली नऊ एकाच गोष्टीवर. सगळ्यांना पुरी पडणार नाही. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक मी स्वतः दोन वर्षं मनापासून केलेली आहे.

प्रश्न : ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे, भांडुपला राहतो. शनिवारी रात्री चार मित्रांना घेऊन खेळ चालवतो. चार वर्षं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ झालं, आता ‘रूनक्वेस्ट’ घेतलं. त्यात देवाच्या वाटेवरून आपण चालायचं असतं, तो हीरोक्वेस्टचा प्रकार मला करायचाच होता. ऑर्लँथ पाताळात जाऊन सूर्याला परत आणतो ती कथा घेतली. आधी सगळ्यांना वाचून दाखवली, मग खेळायला लागलो. पंधरा मिनिटांत मोबाइल बाहेर आले. एक जण म्हणाला, ‘शेवट माहीत आहे तर फासे कशाला टाकायचे?’ दुसऱ्याने मुद्दाम कथेत नसलेलं काहीतरी केलं, तेव्हा मला ‘असं नाही करता येणार’ म्हणावं लागलं. पुढच्या वेळी कथा लपवून ठेवू का?

उत्तर : मुळीच नको. लपवलीत तर तो साधा रहस्याचा खेळ होईल, आणि ते तुम्ही चार वर्षं केलंच आहे.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ग्लोरांथा हे जग ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६पासून रचायला घेतलं. १९७५ साली त्यावर एक पटावरचा युद्धखेळ आला, १९७८ साली ‘रूनक्वेस्ट’. या जगात देवांचा काळ आणि माणसांचा काळ वेगळे आहेत. देवांनी जे केलं ते एकदाच झालं, पण संपलं नाही, ते तिकडे चालूच आहे. माणसाने योग्य विधी केला, योग्य पावलं टाकली, तर तो त्या कथेत शिरतो, देवाच्या जागी उभा राहतो आणि तिथून काहीतरी घेऊन परत येतो. भांडुपच्या पत्रातली कथा त्यातली सगळ्यात मोठी. वादळाचा देव ऑर्लँथ सूर्यसम्राटाला मारतो, जग अंधारात बुडतं, आणि मग हाच मारणारा पाताळात उतरून आपली चूक कबूल करतो आणि त्याला परत आणतो. सोबतीला सहा जण : बोलका व्यापारी इसारीज, पोथीवाला ल्हँकोर म्हाय, वैद्यीण चलाना अरॉय, लबाड युर्मल, फ्लेश मॅन नावाचा साधा माणूस आणि जिन्ना जार, जी कोण हे नीटसं कुणी सांगत नाही.

आता माझ्या मामाची गोष्ट सांगते, ती इथे लागते. मामा सावंतवाडीकडचा. गिरणीत लागायला लालबागला आला, १९८२च्या संपात नोकरी गेली तरी इथेच राहिला. गावी असताना दशावतारात राक्षसाची कामं करायचा, आणि मुंबईत आल्यावरही चाळीच्या पटांगणात वर्षातून एकदा तरी उभा राहायचा. दशावताराला लिहिलेली संहिता नसते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. नायक संध्याकाळी ठरवतो, आज अमुक आख्यान, तू हा, तू तो. बाकी संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. मागे पेटी आणि पखवाज. मध्ये एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. मी सात-आठ वर्षांची असताना मामाला तुमच्या मित्राचाच प्रश्न विचारला होता. राक्षस मरणार हे सगळ्यांना माहीत असतं, मग लोक बघायला का येतात? मामा तोंडाचा रंग पुसत म्हणाला, “गे बाय, गोष्ट सगळ्यांका म्हायत आसा म्हणानच तर लोक रातभर जागतत. म्हायत नसती तर अर्ध्यावरसून घराक गेले असते.”

हे कळायला मला खेळ चालवायला लागल्यावर दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी कथा वाचून दाखवायचे, दुसऱ्या वर्षी लपवायचे. दोन्ही वेळा माझं लक्ष ‘पुढे काय होतं’ यावर होतं. देवकथेत पुढे काय होतं हा प्रश्नच नाही. यंदा का, कोण उभा राहिला आणि काय घेऊन आला, एवढंच बघायचं असतं. राक्षस मरणार. पण आज रात्री मारणारा कोण, त्याचा हात थरथरतोय का, आणि राक्षसाच्या मुखवट्यामागे कुणाचं तोंड आहे, यावर माणसं जागतात.

तेव्हा पहिली गोष्ट, कथा छोटी घ्या. सूर्याला परत आणणं म्हणजे पहिल्याच वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. आधी गल्लीतल्या मारुतीला शनिवारी तेल घाला. मी पावसाची कथा घेतली. अरोका नावाच्या निळ्या ड्रॅगनने पावसाच्या देवाला, हेलरला, गिळलंय. ऑर्लँथ अरोकाला मारतो, पाऊस सुटतो. (इंद्र आणि वृत्र आठवले ना? आमच्या टेबलावर पहिल्या मिनिटाला सगळ्यांना आठवले, आणि माझी अर्धी मेहनत वाचली.) मूळ कथा एवढीच धरली, मधल्या पायऱ्या माझ्या टेबलापुरत्या रचल्या.

पायऱ्या किती? पाच. हे मी कहाण्यांवरून उचललं. ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. मी माझा अर्थ लावून टाकला. एका पोस्टकार्डावर पाच वाक्यं, एकेक वाक्य म्हणजे एकेक मुक्काम. लोक तहानले, ऑर्लँथने विचारलं पाऊस कुठाय. त्याने जमिनीची क्षमा मागितली. वाटेत त्याला अडवणाऱ्याला त्याने पाहुणा केलं. त्याने अरोकाला मारलं. पाऊस घरी आला. ते कार्ड खेळणाऱ्यांच्या समोर, टेबलाच्या मधोमध, चहाच्या कपाला टेकवून. माझ्याकडे वेगळं काही गुपित नाही.

मग गुपित असतं कुठे? कथेच्या अलीकडे. तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही : हे चार जण पाताळात का निघाले? त्यांच्या गावात काय बिघडलं होतं? कथा सुरू करायच्या आधी दोन रविवार मी फक्त दुष्काळ खेळवला. विहिरीवर भांडण. एका म्हातारीने बियाणं शिजवून खाल्लं. शेजारच्या कुळाने वर बांध घालून ओढा अडवलाय अशी कुजबुज. ‘रूनक्वेस्ट’च्या वर्षात २९४ दिवस असतात, पाच ऋतू छप्पन्न-छप्पन्न दिवसांचे आणि शेवटचे चौदा दिवस देवकार्याचे. त्या चौदा दिवसांत आख्खं कुळ विधीला बसतं. म्हणजे जाणारे चार असले तरी पाठवणारे तीनशे. जत्रेत असतं तसं. आमच्या खेळात निघायच्या आधी प्रत्येक खेळणाऱ्याने गावातलं एक माणूस होऊन आपल्या पात्राला काहीतरी द्यायचं, असा नियम आहे. एकाने लहान मुलगा होऊन चिमूटभर माती दिली. त्या मातीचं पुढे काय झालं ते सांगते.

आमच्यात एक वकीलबाई आहेत. त्यांचं पात्र म्हणजे मृत्युदेव हुमाक्तची तलवारधारी भक्तीण. या खेळात पात्राच्या कागदावर रून, म्हणजे दैवी शक्तींची चिन्हं, आणि त्यांचे आकडे असतात; काही रून जोडीने येतात आणि जोडीची बेरीज शंभर. बाईंचा मृत्यू पंच्याहत्तर, म्हणून त्याच्यासमोरचं सुफलन उरलं पंचवीस. लढाईत हा आकडा मिरवायचा. पण दुसऱ्या मुक्कामावर मी सांगितलं, जमिनीची ओटी भरायला लागेल, आणि ती तुम्ही भरायची. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. शंभराच्या फाशांवर पंचवीस किंवा कमी हवे. त्यांनी ती मुलाने दिलेली चिमूटभर माती मुठीत धरली आहे असं सांगितलं, मी मनातल्या मनात पाच मिळवले, त्यांनी फासे टाकले आणि पडले एकोणतीस. मिळवलेल्या पाचांनी निभावलं. पलीकडच्या खोलीतल्या काकूंनी भिंतीवर थाप मारली, एवढा गलका झाला. ज्याला मारता येतं त्याला मारायला लावण्यात देवकथा नाही. देवाच्या चपलांचं माप आपल्या पायाला जिथे होत नाही, तिथे मुक्काम करा. खेळणाऱ्यांच्या कागदावरचे सगळ्यात कमी आकडे आधी बघा, मग पायऱ्या रचा.

आणि चौथा मुक्काम. अरोका कोण? पुस्तकात ड्रॅगन आहे. पण देवाच्या वाटेवर तुम्ही चालता तेव्हा समोरून येणाराही कुणीतरी असतोच, त्या जागी ओढला गेलेला. आमच्या भाच्याचं पात्र ऑर्लँथच्या जागी होतं. त्याने भाला उचलला, तेव्हा मी एवढंच म्हटलं : ड्रॅगनच्या जबड्याआडून तुझी थोरली बहीण बघतेय, बांध घालणाऱ्या कुळात दिलेली.

कथा सगळ्यांना पाठ होती. कार्ड समोर होतं. ‘त्याने अरोकाला मारलं.’ दोन मिनिटं कुणी बोललं नाही, फक्त काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या. तुमच्या मित्राला हे दाखवा, शेवट माहीत असल्यावर फासे कशाला ते.

त्याच्या कागदावर कुटुंबावरचं प्रेम सत्तर आणि कुळाची निष्ठा पासष्ट. दोन्ही एकमेकांसमोर टाकायला लावले. प्रेमाचे एकतीस, निष्ठेचे अठ्ठ्याऐंशी. प्रेम जिंकलं. मग तो म्हणाला, मी तिला मारत नाही, तिच्या मागचा बांध फोडतो. ‘असं नाही करता येणार’ हे वाक्य माझ्याही जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, फोड, आणि प्रेम जिंकलंय म्हणून वीस मिळव. बांध फुटला. पाऊस आला, पण अरोका जिवंत राहिला, म्हणून तो पाऊस कुणाच्या हातात राहिला नाही. त्या वर्षी गावात पीकही आलं आणि पूरही आला. बहिणीचं सासर वाहून गेलं, ती दोन पोरं घेऊन माहेरी आली, आणि पुढचे सहा महिने आम्ही त्यावरच खेळलो.

कथेबाहेर पाऊल टाकणाऱ्याचं काय करायचं ते यातच आलं. त्याला अडवू नका, विचारा : असं करशील तर तू ऑर्लँथ राहणार नाहीस, मग कोण आहेस? तुमच्या पाताळाच्या कथेत तर सोय तयारच होती. सात जणांत युर्मल आहे, घात करणारा, खोटं बोलणारा, तरीही सोबत नेलेला. तुमच्या दुसऱ्या मित्राने खोडी काढली त्या क्षणी तो युर्मलच्या जागी जाऊन बसला होता. तुम्हाला फक्त ते मोठ्याने म्हणायचं होतं.

मामाचा आणखी एक किस्सा. एकदा आख्यानात नायकाचं काम करणारा गडी आत झोपून गेला. मामा राक्षस, मध्यरात्री बाकड्यावर उभा, मरायची वेळ झालेली आणि मारायला कुणी येईना. पेटीवाला तेच तेच वाजवतोय. मामाने अर्धा तास आपल्या पापांचा हिशेब लोकांना ऐकवला, पुढच्या रांगेतल्या एका पोराकडून दोन पापं कमीही करून घेतली. वर म्हणायचा, “मी मराक तयार होतंय, पण माका मारूक कोण येय ना.” लोकांना त्या रात्रीचं तेवढंच लक्षात राहिलं. खेळ चालवणाऱ्याने या राक्षसासारखं मरायला तयार असावं, आणि वेळ आली तर अर्धा तास बोलायलाही.

प्रश्न : मी गिरगावात राहते. परके देव कशाला, आपल्याच कथांवर असा खेळ करावा असं आमच्या गटाला वाटतं. पण आई म्हणते, देवाचा खेळ करू नका. तिला काय सांगू?

उत्तर : आईला सांगा की मला त्यांचं निम्मं पटतं. सोळा सोमवारच्या कहाणीत शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसतात आणि कोण जिंकलं हे देवळातल्या गुरवाला विचारतात. त्याने शंकराचं नाव घेतलं आणि पार्वतीने शाप दिला, अंगावर कोड फुटलं. देवांच्या डावात पंच होऊ नये हे आपल्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. खेळ चालवणारा म्हणजे तो गुरवच.

म्हणून मी एक मर्यादा पाळते. ज्या देवापुढे आजही कुणी नारळ फोडतं, त्याच्या नावाने फासा टाकत नाही, आणि त्याच्या तोंडी वाक्यही घालत नाही. खंडोबाची तळी आमच्या वकीलबाईंच्या घरी भरली जाते. त्यांच्यासमोर मी खंडोबाचा आवाज काढून बोलणार? पण त्या देवाच्या वाटेवर चालणारी माणसं मात्र खेळता येतात, आणि तेवढं पुरतं.

आपल्या मुंबईत तर अशी कथा तयार पडलेली आहे. महालक्ष्मी आणि वरळी जोडणारा हॉर्नबी वेलार्ड हा समुद्राला घातलेला बांध, म्हणजे आजचा हाजी अलीजवळचा लाला लजपतराय मार्ग, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. दंतकथा अशी की भिंत पुन्हा पुन्हा ढासळत होती. कामावरच्या पाठारे प्रभू अभियंत्याला देवीने स्वप्नात सांगितलं, मी समुद्रात आहे, मला बाहेर काढ. मूर्ती सापडली, भिंत उभी राहिली, आणि मग देऊळ झालं. मी एका दुपारचा खेळ यावर केला. चार पात्रं : दगड वाहणारा मजूर, हिशेब ठेवणारा मुनशी, एक कोळीण आणि अभियंत्याचा भाऊ. देवी कुठेच दिसली नाही. फक्त स्वप्न होतं, तेही चार चिठ्ठ्यांवर चार तुकड्यांत, एकेकाच्या हातात एकेक. पाचही मुक्काम सगळ्यांना माहीत होते, कारण ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली. खरा पेच तिसऱ्या मुक्कामावर आला : हे गोऱ्या साहेबाला जाऊन सांगणार कोण? मुनशी म्हणाला, माझी नोकरी जाईल. मजूर म्हणाला, माझं कोण ऐकतंय. तेवढ्यात कोळणीने विचारलं, खाडीचं तोंड बुजलं तर माझी होडी कुठून जाणार, मूर्ती काढायला मी जाळं का टाकू? याचं उत्तर कथेत नाही, आणि आमच्याकडेही नव्हतं. शेवटी तिने जाळं टाकलं, पण मजुरीत भागीदारी लिहून घेतली. मुनशीने ती लिहिताना आकडा बदलला. हे सगळं खेळणाऱ्यांचं, माझं नाही.

आईला त्या दिवशी बाजूला बसवा. माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, ‘देवीला साडीचोळी तरी द्यायची,’ आणि आम्ही ती दिली.

प्रश्न : मी अकरावीत आहे, अंधेरी. मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा आहे. माझ्या मित्राचं कॅरेक्टर यल्मालिओचं. त्याला सोन्याच्या टेकडीच्या क्वेस्टवर नेलं. तो सगळ्या लढाया हरला. आता तो म्हणतो मी चीटिंग केली, आणि दोन आठवडे माझ्याशी बोलत नाही. काय चुकलं?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. फासे तू नीटच टाकलेस. पण निघण्याआधी त्याला कथा सांगितली नाहीस, किंवा सांगताना तू स्वतःच ती जिंकण्याची समजलास.

सोन्याच्या टेकडीवर उजेडाचा देव यल्मालिओ हरतो. ऑर्लँथशी गाठ पडते तिथे हरतो, आणि अंधाराकडचा देव झोराक झोरान त्याच्याकडून आग हिसकावून घेतो. म्हणूनच या देवाच्या भक्तांकडे उजेडाचे मंत्र असतात, आगीचे नसतात. पण यल्मालिओ विझत नाही. सगळं गेल्यावरही जो थोडासा उजेड राहिला, तो हा देव. तेव्हा तुझा मित्र प्रत्येक लढाई हरला म्हणजे त्याने देवाचं पाऊल अगदी चोख टाकलं. त्याला एकदाच विचारायला हवं होतं : आता तुझ्याकडे काय उरलं? जे तो सांगेल, ते त्याचं बक्षीस. या पंथात वरदान घेतलं की सोबत एक बंधन घ्यावं लागतं. आपल्या कहाण्यांतला वसा तो हाच, उतू नये मातू नये घेतला वसा टाकू नये. ते बंधन त्याला स्वतःला ठरवू दे.

आणि मैत्री जुळवायला एक उपाय. पुढच्या रविवारी तीच टेकडी पुन्हा खेळ, पण सगळ्यांनी झोराक झोरानकडचे व्हायचं, आग चोरायला निघालेले. टेकडीवर समोरून कोण येतोय ते त्याला सांगू दे. म्हणजे तासभर तो यल्मालिओ चालवेल आणि तू फासे टाकशील. एकाच टेकडीवर प्रत्येक जमात आपली कथा खरी मानून चढते, ही या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आमच्या चाळीत पाण्याच्या टाकीवरून १९९४ साली झालेल्या भांडणाच्या चार कथा आहेत, चारही खऱ्या. पण तो विषय इथे नको, मंडळी हे सदर वाचतात.

प्रश्न : ‘हीरोक्वेस्ट’ म्हणून शोधलं तर भलताच खोकेबंद खेळ समोर येतो, छोट्या बाहुल्यांचा. नेमकं काय घ्यायचं? (मुलुंड)

उत्तर : तो मिल्टन ब्रॅडलीचा १९८९चा पटावरचा खेळ. मजेचा आहे, पण आपला याच्याशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं. ग्लोरांथावर त्या नावाचा भूमिकाखेळ २००३ साली आला होता. त्याआधी २००० साली तोच ‘हीरो वॉर्स’ होता, आणि आता त्याचे नियम ‘क्वेस्टवर्ल्ड्स’ या नावाने मिळतात. तुम्ही २०१८च्या आवृत्तीचं ‘रूनक्वेस्ट’ घ्या. त्यातही सगळं पुस्तक विकत घेण्याआधी ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ हा १९९९चा संगणकावरचा खेळ खेळून बघा, मोबाइलवरही आहे. त्यात तुम्ही एक कुळ चालवता, आणि देवकथेवर माणूस पाठवला की प्रत्येक मुक्कामावर देवाने काय केलं होतं ते आठवून निवडावं लागतं. आठवलं नाही तर माणूस लुळापांगळा होऊन परत येतो. मी पहिल्याच कथेत आमच्या कुळाची सगळ्यात चांगली बाई घालवली, कारण कथा वाचायचा कंटाळा केला होता. बँकेत ऑडिटच्या दिवसांत खेळत होते, हेही एक कारण.

प्रश्न : दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, टेबल नाही. जमेल का? (परळ)

उत्तर : आमचंही टेबल नाही. इतका वेळ टेबल टेबल म्हणाले ते म्हणजे पाट आणि त्यावर जुना पेपर. फासे जमिनीवर टाकू नका, पलंगाखाली जातात आणि मग ‘किती पडले होते’ यावर वेगळं महाभारत होतं. ताटात टाका, पण ताटाखाली टॉवेल ठेवा, नाहीतर पलीकडच्या काकू भिंतीवर थाप मारतात.